बिटकॉइनवर मराठीत व्हिडिओ करणाऱ्या मित्रांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी कुणालाच मी प्रत्यक्ष ओळखत नाही. मी कराडला राहते आणि गेली तेवीस वर्षं पिग्मी गोळा करते. दुपारी चारला घरातून निघायचं, बसस्टँडपासून मंडईपर्यंत दुकानं आणि हातगाड्या करत जायचं, रात्री साडेआठला भरणा जुळवायचा. भाजीवाले, चहावाले, चप्पल शिवणारे, कटलरीवाले असे माझे दीडशेच्या वर खातेदार आहेत. कुणी वीस रुपये भरतं, कुणी दोनशे.

गेल्या महिन्यात आलं-लसूण विकणाऱ्या एका खातेदारानं माझ्यापुढे मोबाइल धरला. तुमच्यापैकीच एकाचा, बिटकॉइनवरचा व्हिडिओ होता. बिटकॉइन म्हणजे इंटरनेटवरचं, सतत भाव बदलणारं डिजिटल नाणं. "ताई, हे बघा. एका देशानं तर बिटकॉइन सरकारी पैसा करून टाकला. तो देश आता नफ्यात आहे म्हणतात. मग मी पिग्मी मोडून तिकडं टाकले तर?" हा माणूस रोज शंभर रुपये भरतो. मुलगी बारावीला आहे, पुढच्या वर्षी तिच्या फीचे पैसे लागणार आहेत. मी त्याला म्हटलं, चार दिवस थांबा, मी वाचून सांगते.

मग मी खरोखर वाचलं. माझी लेक अर्थशास्त्रात एम.ए. करते, तिनं अहवाल मिळवून दिले, अडलं तिथं समजावूनही सांगितलं. चार दिवसांचे सहा आठवडे झाले. तुमचे मिळतील तेवढे व्हिडिओही पाहिले. बिटकॉइन सरकारी पैसा करणारा तो देश म्हणजे एल साल्वाडोर. तुम्ही सांगता ती त्याची गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. राहिलेली अर्धी तुमच्यापुढे ठेवावी म्हणून हे पत्र.

आधी एक सांगते, म्हणजे मी बँकांची वकिली करते आहे असं वाटणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी ज्या पतसंस्थेसाठी पैसे गोळा करायचे, ती बुडाली. शेवटच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवला तेव्हा ठेवी वाढलेल्या होत्या, नफा होता, लाभांश जाहीर झाला होता. आठ महिन्यांनी दाराला कुलूप लागलं. लोक माझ्या घरी आले, कारण त्यांनी पैसे संस्थेला दिलेच नव्हते, मला दिले होते. एका म्हाताऱ्या कोथिंबीरवाल्या मावशींचे अकरा हजार होते. त्या ओरडल्या नाहीत, पासबुक माझ्या हातात देऊन निघून गेल्या. म्हणून "मधल्या माणसावर विश्वास ठेवू नका, संस्था बुडतात" असं तुम्ही म्हणता तेव्हा मला राग येत नाही. ते मी सोसलेलं आहे.

त्याच डोळ्यांनी मी एल साल्वाडोरकडे पाहिलं.

मध्य अमेरिकेतला साठ-पासष्ट लाख वस्तीचा हा देश. त्यांचं स्वतःचं चलन कोलोन. 1 जानेवारी 2001 पासून तिथं अमेरिकी डॉलर आला आणि कोलोन हळूहळू व्यवहारातून गेला. म्हणजे 2021 मध्ये बिटकॉइन आलं तेव्हा तिथल्या बाईच्या कनवटीला आधीच डॉलर होता, जगात सगळीकडे चालणारा. तुमच्या व्हिडिओत हे कुठंच येत नाही, आणि सगळा उलगडा इथंच आहे. ज्या देशात नोट सकाळी एका भावाची आणि संध्याकाळी दुसऱ्या भावाची होते, तिथले लोक कशालाही हात घालतील. इथं मात्र नव्या पैशाला डॉलरपेक्षा चांगलं ठरायचं होतं, तेही पुपुसा विकणारीच्या गल्ल्यात. पुपुसा म्हणजे आत चीज किंवा घेवड्याचं सारण भरलेली मक्याची जाड भाकरी. आपल्याकडे जशी वडापावची गाडी, तशी तिथं पुपुसावाली.

राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी ही घोषणा स्वतःच्या देशात केलीच नाही. 5 जून 2021 ला अमेरिकेतल्या मायामीत बिटकॉइनची परिषद भरली होती, तिथं व्हिडिओवरून इंग्रजीत केली. तीन-चार दिवसांत विधेयक आलं आणि 8 जूनच्या रात्री 84 पैकी 62 मतांनी मंजूरही झालं. सभागृहात मतदान सुरू होतं तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्विटरवर परदेशी बिटकॉइनप्रेमींशी बोलत बसले होते. ज्या पुपुसावालीला हा पैसा उद्यापासून घ्यायचा होता, तिला कुणी विचारल्याचं मला कुठं आढळलं नाही.

कायदा छोटासाच, 16 कलमांचा. सातवं कलम सांगत होतं की माल किंवा सेवा देणाऱ्या प्रत्येकानं समोरच्यानं बिटकॉइन दिलं तर ते घेतलंच पाहिजे. ज्यांच्याकडे तंत्रज्ञान पोचलेलं नाही त्यांना बाराव्या कलमात सूट होती. सक्ती कुणावर होणार नाही असं पुढं तोंडी सांगण्यात आलं, पण सातवं कलम कायद्यात तसंच राहिलं.

मंगळवार, 7 सप्टेंबर 2021. कायदा लागू झाला. सरकारनं 'चीवो' नावाचं मोबाइल पाकीट काढलं होतं. तिकडच्या बोलीत चीवो म्हणजे झकास. जो नाव नोंदवेल त्याला 30 डॉलरचं बिटकॉइन फुकट. पहिल्याच दिवशी ॲप बंद पडलं. त्याच दिवशी बिटकॉइनचा भाव 52 हजार डॉलरवरून घसरत काही वेळ 43 हजारांच्या आसपास गेला. मी पासबुकाच्या मागच्या पानावर हिशेब केला. 52 हजारांच्या भावानं सकाळी मिळालेले 30 डॉलर त्या घसरणीत पंचवीसच्या खाली गेलेले असणार. भाव पुढं वर आला हे मला माहीत आहे, तुम्हीही तेच म्हणाल. पण जिला संध्याकाळी पीठवाल्याचे पैसे चुकते करायचे आहेत, तिची संध्याकाळ भाव वर येईपर्यंत थांबत नाही.

आमच्या मंडईत यूपीआयचा स्पीकर "पन्नास रुपये प्राप्त झाले" असं बोलतो ना, तेव्हा भाजीवाली मान वर करूनही बघत नाही. तिला ठाऊक असतं, ते पन्नास उद्या सकाळीही पन्नासच असणार. फोनवरचा पैसा तिनं का स्वीकारला हे तुम्हाला समजून घ्यायचं असेल तर त्या न उचललेल्या मानेकडे बघा. तिला तंत्रज्ञानाचं वावडं नाही. बदललेला आकडा तिला चालत नाही.

लोकांनी चीवो घेतलं का? भरपूर घेतलं. फर्नांडो अल्वारेझ, डेव्हिड आर्जेन्ते आणि डायना व्हॅन पॅटन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2022 च्या सुरुवातीला तिथल्या 1,800 घरांत समोरासमोर बसून पाहणी करवून घेतली. तो अभ्यास पुढं 'सायन्स' या नियतकालिकात आला. प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी ॲप उतरवून घेतलं होतं, आणि त्याचं मुख्य कारण होतं ते 30 डॉलर. ॲप घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते 30 डॉलर खर्च केले आणि पुन्हा त्या ॲपकडे फिरकले नाहीत. 2022 उजाडल्यावर नवीन नोंदणी जवळपास थांबलीच. दर पाच व्यवसायांतला एखादाच बिटकॉइन घेत होता आणि तो बहुधा मोठा होता. ज्यांना बिटकॉइन मिळत होतं तेही बहुतेक जण ते लगेच डॉलरमध्ये करून घेत होते.

तो अभ्यास वाचताना एका ओळीशी मी खूप वेळ थांबले. ज्यांच्या नावानं हे सगळं केलं, ते बँकेत खातं नसलेले गरीब लोक. आणि प्रत्यक्षात ॲप वापरत राहिलेले बहुतेक जण तरुण, शिकलेले, पुरुष आणि आधीच बँकेत खातं असलेले. वापरत नाही असं म्हणणाऱ्यांनी कारणं काय दिली? रोख पैसा बरा वाटतो, आणि यावर विश्वास नाही. अगदी हीच दोन वाक्यं मी तेवीस वर्षं रोज ऐकत आले आहे. त्यांना मी अडाणीपणा कधीच म्हटलं नाही. लोक त्यांच्या अनुभवातून बोलतात.

विश्वास बसायला तरी काय घडलं? नोंदणीसाठी ओळखपत्राचा क्रमांक, त्याचा फोटो आणि चेहऱ्याचा फोटो लागायचा. पुष्कळ लोक ॲप उघडायला गेले तर त्यांच्या क्रमांकावर आधीच दुसऱ्यानं पाकीट उघडून 30 डॉलर उचललेले. क्रिस्टोसाल या मानवी हक्क संघटनेकडे ऑक्टोबर 2021 मध्ये 9 ते 14 या सहाच दिवसांत अशा 755 तक्रारी आल्या. आणि मित्रांनो, चीवो हे सरकारचं पाकीट होतं, त्याच्या चाव्या, म्हणजे नाण्यांवर ताबा देणारे गुप्त सांकेतिक आकडे, लोकांच्या हातात नव्हत्याच. "चावी तुमची नसेल तर नाणं तुमचं नाही" हे तुम्हीच शिकवता. मग ज्या प्रयोगात हा नियम पहिल्याच दिवशी मोडला, तो प्रयोग तुम्ही बिटकॉइनचा विजय म्हणून का दाखवता?

आता बाहेरून येणाऱ्या पैशाचं. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. महिन्याच्या आठ-दहा तारखेला मनीऑर्डर यायची. पोस्टमन उंबऱ्यावर बसायचा, नोटा दोनदा मोजायचा, आई अंगठा द्यायची. मग तिच्या हातावर नोटा ठेवून तो विचारायचा, काय लिहू उलट? आमच्या साताऱ्यातल्या आणि कोकणातल्या कित्येक गावांचे संसार असे मनीऑर्डरीवर चालले. एल साल्वाडोरचं तसंच आहे. लाखो माणसं अमेरिकेत राबतात आणि घरी पैसे पाठवतात. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढी ही रक्कम होते. बिटकॉइनमुळे पाठवण्याचं कमिशन वाचेल, वर्षाला 40 कोटी डॉलर लोकांच्या खिशात राहतील, असं बुकेले सांगत होते. कल्पना वाईट नव्हती, हे मी मनापासून म्हणते. कमिशनचे पैसे माझ्या वडिलांच्या घामातूनच जायचे.

पण डिजिटल पाकिटातून आलेली रक्कम एकूण रकमेच्या 1 ते 2 टक्क्यांच्या आसपासच राहिली. दोन्ही टोकांना फुकट असूनही. मला यात नवल वाटत नाही. माझ्या आईला पाठवणाऱ्याचं कमिशन वाचण्यापेक्षा हातावरच्या नोटा पुऱ्या आहेत की नाहीत याची काळजी जास्त होती. आणि पोस्टमन तिला ओळखत होता.

या गोष्टीत चांगलं काहीच नाही असं म्हणणार नाही. कायद्याच्या दोन वर्षं आधी, 2019 मध्ये, एल सोन्ते या समुद्रकाठच्या छोट्या गावात बिटकॉइन वापरायला सुरुवात झाली होती. नाव न सांगणाऱ्या एका देणगीदारानं बिटकॉइन दिलं, कॅलिफोर्नियाचा माइक पीटरसन आणि गावातली तरुण मुलं कामाला लागली. किनारा साफ करणाऱ्या पोरांना त्यात मेहनताना मिळायचा आणि गावातल्याच दुकानात तो चालायचा. कुणावर सक्ती नव्हती. समजलं नाही तर विचारायला शेजारचाच मुलगा होता. लाटांवर खेळायला येणारे पाहुणे तिथं आधीपासून होते, पुढं बिटकॉइनमुळेही येऊ लागले. मला हा भाग फार आवडला. एका गावात ओळखीनं जे जमलं, ते कायद्यानं तीन महिन्यांत सगळ्या देशात जमेल असं का वाटावं, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

आणि ज्वालामुखीशेजारचं बिटकॉइन शहर? नोव्हेंबर 2021 मध्ये मोठ्या रोषणाईत घोषणा झाली. कोंचाग्वाच्या पायथ्याशी नाण्यासारखं गोल शहर, त्यासाठी 100 कोटी डॉलरचे रोखे. ते रोखे निघालेच नाहीत.

आता तुमच्या सगळ्यांचा लाडका मुद्दा, देश नफ्यात आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये बिटकॉइन 16 हजार डॉलरपर्यंत उतरलं होतं, तेव्हा सरकारची खरेदी निम्म्याहून अधिक तोट्यात होती. डिसेंबर 2024 मध्ये ते एक लाखाच्या वर गेलं आणि कागदावर चांगला नफा दिसला. दोन्ही खरं. पण हा नफा सरकारच्या तिजोरीचा आहे. पुपुसावालीच्या गल्ल्याचा त्याच्याशी काय संबंध? सरकारनं सोनं घेतलं असतं आणि ते वाढलं असतं, तर सोनं चलन म्हणून यशस्वी झालं असं आपण म्हटलं असतं का? वर चढलेली गुंतवणूक आणि रोज हातातून हातात फिरणारा पैसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुम्ही व्हिडिओत पहिली दाखवता आणि ऐकणारा दुसरी समजतो. आमचा आलं-लसूणवाला तसंच समजला.

आणि त्या तिजोरीचा हिशेब तरी नीट कळतो का? खरेदीच्या बातम्या ट्विटरवरून यायच्या. नोव्हेंबर 2022 पासून रोज एक बिटकॉइन घेऊ असं जाहीर झालं. साठा कुठं आहे हे जगाला मार्च 2024 मध्ये दाखवलं. पुढं 2025 च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अहवालात असं आलं की सरकारचा एकूण साठा वाढलेला नाही, सरकारच्याच वेगवेगळ्या पाकिटांतली नाणी एकत्र केल्यानं एका ठिकाणचा आकडा वाढताना दिसतो. अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखांनी तसं लिहूनही दिलं होतं. आणि तिकडे सरकारचंच बिटकॉइन कार्यालय रोज खरेदी सुरू असल्याचं सांगत होतं. मला आमची ती वार्षिक सभा आठवली. ताळेबंद वाचला जात होता, टाळ्या वाजत होत्या, मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या.

शेवट कसा झाला, तेही सांगा ना तुमच्या प्रेक्षकांना. कायदेशीर चलनाचा दर्जा काढा असं नाणेनिधी जानेवारी 2022 पासून म्हणत होता. डिसेंबर 2024 मध्ये 140 कोटी डॉलरच्या कर्जावर बोलणी पक्की झाली आणि 29 जानेवारी 2025 ला त्याच सभागृहानं 55 विरुद्ध 2 मतांनी कायदा बदलला. आता बिटकॉइन घेणं दुकानदाराच्या मर्जीवर आहे. कर डॉलरमध्येच भरायचा. चीवोतून सरकारनं हळूहळू बाहेर पडायचं. यात नाणेनिधीचा दबाव होता, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तिथल्याच मध्य अमेरिकी विद्यापीठानं त्याच सुमारास लोकांना विचारलं तेव्हा दर 100 पैकी 92 जणांनी सांगितलं की 2024 मध्ये आपण बिटकॉइन एकदाही वापरलं नाही. नाणेनिधीची सही व्हायच्या आधीच लोकांनी आपला कौल गल्ल्यावर देऊन टाकला होता. खुद्द बुकेले यांनीही 2024 मध्ये 'टाइम' नियतकालिकाच्या मुलाखतीत मान्य केलं की अपेक्षेएवढा वापर झाला नाही. त्यांनी मान्य केलं, मग तुम्हाला कशाची अडचण आहे?

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकानं एप्रिल 2022 मध्ये हीच वाट धरली होती. तिथं बहुतेकांच्या हाती इंटरनेटच नव्हतं. साधारण वर्षभरात तो दर्जा मागे घेतला गेला. त्यावर तुमच्याकडचा एकही व्हिडिओ मला सापडला नाही.

आपल्याकडे बिटकॉइन चलन नाही. 2022 च्या अर्थसंकल्पापासून त्याच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, विकताना 1 टक्का कापला जातो, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हे सुद्धा तुम्ही व्हिडिओच्या शेवटी, घाईघाईत सांगता. आलं-लसूणवाल्यानं ते ऐकलंच नव्हतं.

बिटकॉइन विकत घेऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. ज्याच्याकडे वरकड पैसा आहे आणि पडलेला भाव बघून ज्याची झोप जात नाही, त्यानं खुशाल घ्यावं. माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे की एल साल्वाडोरचं नाव घेतलंत तर 30 डॉलर खर्च करून ॲप सोडून दिलेल्या माणसांबद्दल सांगा, त्या 92 जणांबद्दल सांगा, जानेवारी 2025 मध्ये काय झालं ते सांगा. एल सोन्तेबद्दलही जरूर सांगा, ती गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा चांगली सांगाल. तुमच्या बोलण्यात गोडवा आहे. आमच्या मंडईतले लोक तुमचं ऐकतात, म्हणून तर हे लिहिते आहे.

आलं-लसूणवाल्याला मी हे सगळं दोन दिवस, गिऱ्हाईक नसेल त्या वेळात, थोडं थोडं सांगितलं. तो ऐकत होता आणि आल्याची माती झाडत होता. मग त्यानं विचारलं, "ताई, त्या पुपुसावाल्या बाया आता काय घेतात?" मी म्हटलं, डॉलर. त्यानं गल्ल्यातून शंभराची नोट काढली, माझ्या हातात दिली आणि मशीनमधून पावती येईपर्यंत उभा राहिला.

आपली नम्र,
कराडच्या मंडईतली एक पिग्मी एजंट